दर तासाला एक ग्लास

बसा जरा. गाडीचा टायर बसलाय म्हणे, ड्रायव्हरला यायला तासभर तरी लागेल. तोवर एक गोष्ट सांगतो. तो खिडकीजवळचा दिवा तेवढा बंद करा, डोळ्यांवर येतो माझ्या.

आज दुपारी ही चष्मेवाली फोनवर बोलत होती आणि मी मागेच उभा होतो. पेशंटचा मुलगा विचारत होता, वडिलांच्या नळीतून लालसर लघवी येतेय, काय करू? हिने काय सांगितलं? "काळजी करू नका, भरपूर पाणी पाजा." आवाज इतका गोड, की आजारालाही संकोच वाटावा. पण पिशवीत किती जमलंय ते विचारलंस का, बाई? गेल्या दोन तासांत थेंब तरी पडला का? नाही ना विचारलंस. रडू नकोस, मी रागावलेलो नाही. मी रागावलो की कसा दिसतो ते या मागच्या बाकावरच्यांना विचार. तुझ्या त्या पेशंटकडे मी नंतर फोन केला, पिशवी भरतेय, सगळं ठीक आहे. पण हेच वाक्य माझ्या ओळखीचा एक माणूस एका घरात बोलून गेला होता. तुझ्यापेक्षा दसपट हुशार माणूस. त्याचं काय झालं ते ऐका.

ओळखीचा म्हणजे, अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर बसून डबे खाल्ले. आम्ही त्याला मापाडी म्हणायचो. ब्रदर होता, घरोघरी जाऊन पेशंट बघायचा. मी तेव्हा आपल्या या शुश्रूषा संस्थेचं सामान सांभाळायचो, म्हणजे कॉट, वॉकर, ऑक्सिजनची सिलिंडरं, हवेच्या गाद्या. मापाडी नाव का, तर हा सगळं मोजायचा. तुम्ही लिहिता तसं 'अंदाजे चारशे मिली' त्याने जन्मात लिहिलं नाही. मापाचं भांडं डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, तीनशे पंच्याऐंशी. बायकोची उंचीसुद्धा लग्नाआधी टेप लावून बघितली असेल, असं आम्ही चिडवायचो. हसायचा बिचारा.

तर, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, रविवार. दोन वर्षं झाली त्याला. संध्याकाळी मी मापाडीला म्हणालो, "अरे, फाटकवाल्या काकांकडची हवेची गादी अजून तिकडेच आहे. उद्या सकाळी एक बाई हॉस्पिटलातून घरी येतायत, पाठीला जखमा झाल्यात, आणि आपल्याकडे दुसरी गादी शिल्लक नाही. तेवढी घेऊन ये." मोटर काढायची, गादी गुंडाळायची, व्हॅनमध्ये टाकायची. अर्ध्या तासाचं काम.

त्याने व्हॅनची किल्ली घेतली आणि गेला. त्या घरात त्याने अकरा दिवस पाऊल टाकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. का टाकलं नव्हतं, तेही माहीत होतं. तरी मी त्यालाच पाठवलं. दुसऱ्या कुणाला व्हॅन चालवता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

आधी काकांचं सांगायला हवं. रेल्वेच्या फाटकावर चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. तिथला नियम एकच, बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. अंगात ताप असो, घरी कुणी आजारी असो, जागा सोडायची नाही. तो नियम त्यांच्या हाडात मुरला होता. आणि त्याच हाडांत पुढे प्रोस्टेटचा कॅन्सर शिरला. पुरुषांचं तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री पाच-पाच वेळा उठतील, थेंब थेंब होईल, पण सांगतील तर शपथ. वय झालं म्हणायचं आणि गप्प बसायचं. काका असे तीन वर्षं गप्प बसले. कळलं तेव्हा आजार मणक्यात, खुब्यात पोचला होता. मग तीन महिन्यांनी एकदा हार्मोनचं इंजेक्शन, दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या, लघवीला कायमची नळी. पुढे पाय गेले, म्हणून आमची गादी.

मापाडी सकाळ-रात्र दोनदा जायचा. त्याच्याशिवाय काका कुणाला हात लावू देत नसत. काकूंनासुद्धा नाही. पिशवी रिकामी करायची म्हटलं तरी चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. काकू म्हणायच्या, "पन्नास वर्षं संसार झाला, आता माझ्यापासून लपवायचं काय राहिलंय?" त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "तू आत जा. ब्रदर येतील." मापाडीने काकूंना नळी धुवायला शिकवलं होतं. पन्नास मिलीची सिरिंज, सलाईन, हळू आत, हळू बाहेर. पण शिकवलं ते सुट्या नळीवर. खऱ्या नळीला काकांनी त्यांचं बोट लागू दिलं नाही.

नोव्हेंबरची सात तारीख, मंगळवार. रात्री आठला तो तिथे पोचला तेव्हा लघवीत रक्त होतं, बारीक गुठळ्या होत्या. त्याने नळी धुतली, साफ केली, ती वाहायला लागलेली स्वतः बघितली. निघताना म्हणाला, "काका, दर तासाला एक ग्लास पाणी प्या. मी येईपर्यंत थांबू नका. दहाला येतोच मी." काका म्हणाले, "बरं."

यात चुकलं काय?

बरोबर. नळी वाहती असेल तोवर पाणी हे औषध आहे. नळी तुंबली की तेच पाणी वैरी. 'पिशवी भरायची थांबली तर पाणी बंद करा,' एवढं वाक्य तो बोलला नाही. कारण दहाला तो स्वतःच यायचा होता.

आणि साडेनऊला मी त्याला फोन केला. हो, मीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका आजोबांना धाप लागली होती, ऑक्सिजन लावायचा होता. मी म्हणालो, "तू तिथून हलू नकोस." आजोबांचा कसाबसा डोळा लागला म्हणून त्याने फोनचा आवाज बंद करून बॅगेत टाकला. तुम्हीही टाकता. फोन बघितला तो पहाटे पाचला. काकूंचे एकवीस कॉल.

गुठळी दहाच्या आधीच अडकली होती. पोट टणक झालेलं. आणि हा माणूस तासाला एक ग्लास पीत राहिला. काकू म्हणाल्या ॲम्ब्युलन्स बोलावते, तर नको. मी धुते, तर हात झटकला. "ब्रदर येतो म्हणालेत. येतील." अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. दर तासाला एक ग्लास. चारला काकूंनी त्यांचं ऐकलं नाही, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. चार वीसला सगळं संपलं. ॲम्ब्युलन्स दारात आली पावणेपाचला.

डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, फार तर आठवड्याचे सोबती होते. मापाडीने मान हलवली. ती शेवटची नळी त्यानेच काढली, अंग पुसलं, घरी गेला.

आता रविवारची रात्र. यापुढचं तो मला एकदाच बोललाय, सोमवारी पहाटे, याच खोलीत, तिथे भिंतीला टेकून. पुन्हा कधी विचारलं तर उठून जायचा.

पावणेदहाला त्याने व्हॅन लावली. गल्लीतलं शेवटचं घर, तीन पायऱ्या, दोन खोल्या. बेल वाजवायला हात वर केला आणि दार उघडलं.

"आलात?" काकू म्हणाल्या.

"गादी न्यायला आलो होतो, काकू. उद्या एका आजारी बाईंना हवीय."

"हो, या ना. पण आत्ता नाही निघायची ती."

त्याला वाटलं, बाई एकट्या आहेत, सोबत हवी असेल थोडी. आत गेला. पुढच्याच खोलीत खिडकीला लागून कॉट. काकांना रस्ता दिसायला हवा असायचा ना, म्हणून. चादर धुतलेली, सुरकुती नाही. पण पायाशी मोटर चालू होती. हिरवा दिवा, घुर्र... फुस्स... घुर्र... फुस्स. अकरा दिवस.

"काकू, मोटर बंद नाही केलीत?"

"बंद केली की टोचतं त्यांना."

अगदी साध्या आवाजात. भाजी महाग झालीय म्हणावं, तसं. मापाडीने खाली बघितलं तर कॉटच्या कडेला पिशवी टांगलेली. नवी कोरी, जादाची ठेवली होती त्यातली. तिची नळी वर जाऊन चादरीखाली शिरलेली. उशाशी स्टुलावर पाण्याचा जग, झाकण ठेवलेला, आणि एक ग्लास.

"पिशवी कशाला लावलीत?"

"भरली तर बरं वाटेल त्यांना, म्हणून."

हा म्हणाला, "काकू, उद्या तुमच्या बहिणीला बोलावून घेऊ या. काही दिवस राहतील इथे." मग त्याने कामाला लागायचं म्हणून गादीवर हात ठेवला.

तुम्ही सगळ्यांनी हवेच्या गाद्या हाताळल्यात. रिकाम्या गादीची मोटर कशी चालते? हलकी, जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि माणूस झोपलेला असला की? कण्हते. ही कण्हत होती. गादीच्या मधोमध खांद्यापासून खुब्यापर्यंत खळगा होता. त्याला वाटलं, गादीतल्या हवेच्या नळकांड्या फुटल्या असतील. त्याने खळग्यात पंजा दाबला. खाली हवा होती, नळकांड्या टम्म. वर काहीही नव्हतं. हात काढला. खळगा होता तसाच.

"दहा वाजू देत," काकू म्हणाल्या. खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या, आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

पाण्याच्या जगावर मापाडीनेच चिकटपट्टी लावून रेघा मारल्या होत्या, एक रेघ म्हणजे एक ग्लास. सवयीने त्याने झाकण काढून बघितलं. पाणी सगळ्यात वरच्या रेघेला. भिंतीवर घड्याळ. दहाला दोन मिनिटं कमी.

दहा वाजले. काही झालं नाही.

तो स्वतःवरच हसणार होता. जगाकडे नजर गेली. पाणी एक रेघ खाली.

ग्लास जिथल्या तिथे. काठ ओला.

आणि मग... टाच.

चष्मेवाले, तू अजून नळी तुंबलेला पेशंट पाहिलेला नाहीस. ओरडत नाहीत ते, विशेषतः असले जुने पुरुष. दात आवळतात. आणि टाच घासतात. एक टाच, वर-खाली, वर-खाली, चादरीवर. तो आवाज एकदा ऐकला की झोपेतसुद्धा ओळखता येतो. खोलीत तो आवाज येत होता. गादीच्या पायथ्याशी, त्या धुतलेल्या चादरीवर, एक सुरकुती पडली. मोडली. पुन्हा पडली.

"कधीपासून, काकू?"

"रोज." कानांवरचे हात त्यांनी काढले नव्हते, तरी ऐकलं. "दहापासून चार वीसपर्यंत."

"आणि पाणी... हे पाणी तुम्ही भरता?"

"एक दिवस नाही भरलं. आतला नळ सुटला. रात्रभर बंद होईना." मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना त्यांना प्यायला."

त्याने पळून जायला हवं होतं. मी गेलो असतो, खोटं कशाला बोलू. पण तो मापाडी होता. पेशंट तळमळतोय आणि बॅग खांद्याला आहे म्हटल्यावर त्याचे पाय दाराकडे वळेनात. त्याने हातमोजे घातले. सिरिंज काढली, सलाईन भरलं. पिशवीची नळी सोडवून तिच्या तोंडाला सिरिंज लावली. चादर थोडी वर करून बघितली. नळीचं दुसरं टोक गादीवर मोकळं पडलं होतं. मोकळं. कशात नाही.

त्याने सिरिंजचा दट्ट्या रेटला.

जाईना.

पुन्हा रेटला. अडलं. मोकळ्या टोकाला पाणी अडतं का? तुम्ही सांगा. अडलं. आत गुठळी असली की कसं बोटांना कळतं, तसंच कळलं त्याला. तो थांबला, मागे ओढलं, पुन्हा हळूच रेटलं. टाच थांबली. दोन श्वास थांबली... आणि पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाली.

"काका, जरा सोसा. निघेल आता." बोलून गेला तो. मेलेल्या माणसाला.

अकरा वाजले. एक रेघ खाली.

"काका, पाणी नका पिऊ. आता नका पिऊ. बस झालं." जग उचलला, आत नेला, मोरीत ओतला. परत येऊन सिरिंज हातात घेतो तोच आतून आवाज. नळ. धो धो. धावत आत गेला. नळाची तोटी घट्ट बंद होती. आवाज येतच होता. तोटी आवळली, हात घसरला, सोलला. आवाज येतच होता. शेवटी काकू उठल्या, जग भरून आणला, स्टुलावर ठेवला. तेव्हा थांबला.

"मी करून बघते," त्या म्हणाल्या.

त्याने सिरिंज त्यांच्या हातात दिली. दहा वेळा शिकवलेलं होतं. त्या कॉटजवळ वाकल्या. आणि चादर... पायाकडून वर सरकली. हळू. कुणी मुठीत धरून ओढावी तशी. गळा असतो तिथपर्यंत गेली आणि थांबली.

काकूंनी सिरिंज खाली ठेवली.

"बघितलंत? अजून लाजतात."

बाराला एक रेघ. एकला एक रेघ. तो गुडघ्यांवर बसून होता. रेट, ओढ. रेट, ओढ. सलाईनच्या चार बाटल्या संपल्या. मनगटं सुजली. टाच थांबेना. दोन वाजता त्याने नळी सोडून दिली, कॉटच्या कडेला डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "काका, मी आलोय. बघा ना. ब्रदर आलाय. मी आलोय, आता थांबा."

टाच चालूच.

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "उगाच घसा फोडू नका. तुम्ही आलात हे कळत नाही त्यांना. ते तुमची वाट बघत नाहीयेत."

"मग कुणाची?"

"मंगळवारच्या ब्रदरची. तो दहाला येणार होता."

...

मग काय करणार होता तो? तुम्ही काय केलं असतं? तो बसून राहिला. काकू बसून राहिल्या. तीनला एक रेघ. चारला एक रेघ. त्यानंतर टाच हळूहळू मंद झाली, तो उतार त्याला नोकरीमुळे पुरता ओळखीचा होता. अधूनमधून. मग बराच वेळ नाही. मग एकदा.

चार वीस.

मोटरचं कण्हणं थांबलं. हलकी चालायला लागली.

"आता न्या गादी," काकू म्हणाल्या. "तिकडे कुणी आजारी बाई आहे म्हणता ना. तिचे हाल नकोत."

त्याने मोटर काढली, गादी गुंडाळली. एरवी आपण ती काखेत मारून नेतो. त्या पहाटे त्याला ती फरपटत न्यावी लागली, तीन पायऱ्यांवर तीनदा टेकला. साडेपाचला व्हॅन इथे आली. शटर मीच उघडलं. त्याचा चेहरा बघून मी आधी पाणी... नाही, पाणी नको म्हणाला. भिंतीला टेकून बसला आणि हे सगळं एका दमात बोलला. माझा विश्वास बसला का? नाही. मला वाटलं, अपराधाने माणूस खचलाय, सुट्टीवर पाठवायला हवा. मी म्हणालो, "तू बस. गादी मी धुतो." तेवढं तरी मला करता येण्यासारखं होतं.

बाहेर फरशीवर दोघांनी गादी पसरली. खरंच जड होती. हवा काढायचं बूच असतं ना कोपऱ्यात, ते मी ओढलं.

हवा आली नाही. पाणी आलं.

हवेच्या गादीत पाणी शिरायला वाट नसते. मी अकरा वर्षं सामान सांभाळलंय, मला विचारा. धार लागली. स्वच्छ पाणी, आणि कोमट. नोव्हेंबरची पहाट, फरशी बर्फासारखी, आणि माझ्या हातावरून कोमट पाणी वाहत होतं. मापाडीने मापाचं भांडं खाली लावलं. भरलं की बादलीत ओतायचा, पुन्हा लावायचा. दोन बादल्या झाल्या. मग धार अडली. बुचाच्या तोंडाशी काहीतरी होतं. त्याने करंगळीने कडेने हलवलं, आणि ते भांड्यात पडलं. टप्प.

गुठळी. काळसर लाल, बोटाच्या पेराएवढी. तुंबलेल्या नळीतून निघते ती. त्यानंतर राहिलेलं पाणी भसकन मोकळं झालं.

तो माझ्याकडे बघून ओरडला, "निघाली! अरे, निघाली!" त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मला तेव्हा केवढा आनंद झाला म्हणून सांगू. दोघेही त्या ओल्या फरशीवर बसून वेड्यासारखे हसलो. वाटलं, सुटला म्हातारा.

संध्याकाळी आम्ही दोघे काकूंना सांगायला गेलो. मी पहिल्यांदाच त्या घरात जात होतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाल्या. दहापर्यंत थांबा असं त्या म्हणाल्या नाहीत, आम्हीच थांबलो. कॉटवर आता नुसती फळी होती, वर एक सतरंजी.

दहा वाजले. मी जगाकडे बघत होतो.

एक रेघ.

आणि फळीवर टाच घासल्याचा आवाज... गादीवरच्यापेक्षा खूप मोठा येतो. हाड लाकडावर घासतं ना.

नाही, पुढे काही विचारू नका. पाठीच्या जखमांवाल्या बाईंसाठी आम्ही दुसऱ्या संस्थेकडून गादी मागून आणली. आणि काकांची ती गादी, धुऊन, सुकवून, मंगळवारी रात्री दहाच्या आत आम्ही पुन्हा त्या कॉटवर घातली. मोटर लावली. काकू म्हणाल्या, "बरं वाटेल त्यांना." आजार आपल्या हातात नव्हता, गुठळी नव्हती, वेळही नव्हती. टोचणार नाही एवढं बघायचं, तेवढंच राहिलं होतं, ते केलं. ती गादी अजून तिकडेच आहे. तुम्ही स्टॉक मोजता तेव्हा एक कमी भरते आणि मी म्हणतो मोजू नका, ती हीच.

मापाडीने ते काम सोडलं. रस्त्यात भेटतो कधीतरी. हल्ली काही मोजत नाही म्हणे.

गाडी आली वाटतं. दिवे दिसतायत बाहेर. उठा. काय गं? त्या गुठळीचं काय केलं? त्या पहाटे त्याने ती नमुन्याच्या बाटलीत घातली, सवयीने. लेबल चिकटवलं, काकांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन थांबलं. नमुना घेतल्याची वेळ लिहायची असते. मला विचारलं, "कोणती लिहू?"

बाटली या मागच्या कपाटात आहे. नको, उघडू नकोस. वेळेची जागा अजून कोरीच आहे.